सोवळ्यात न चालणारी पुडी

माझे गुडघे आणि माझ्या थोरल्या जाऊबाईंचे गुडघे एकाच सुमारास दुखायला लागले. मी दुखलं की ओरडते. बसताना ओरडते, उठताना ओरडते आणि मधल्या वेळात नवऱ्याला ऐकवते. जाऊबाईंचं तसं नाही. त्या भिंतीला धरून उठायच्या आणि कोणी पाहिलं की भिंतीवरचं जळमट काढल्यासारखं करायच्या. आमच्या घराण्यात पूर्वी भिक्षुकी होती, पुढं कारकुनी आली, आता पोरं संगणकावर बसतात; पण जाऊबाईंचा ताठा अजून पहिल्या पिढीतलाच आहे.

त्या उस्मानपुऱ्यात राहतात, सासऱ्यांनी बांधलेल्या बैठ्या घरात. दीर गेल्यापासून एकट्याच. मूलबाळ नाही. मागच्या खोलीत एक भाडेकरू जोडपं आहे, मूळचं पिशोरचं. घरी शेती, पण नवरा इथं कंपनीत कामाला. मी त्या भाडेकरणीला सूनबाई म्हणते, कारण ती आम्हा दोघींना काकू म्हणते आणि बहुतेक सुनांपेक्षा बरी वागते. आम्ही मुकुंदवाडीला, दुसऱ्या मजल्यावर. बिल्डिंगला लिफ्ट नाही. फ्लॅट घेताना गुडघे होते, म्हणून ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

घराण्याच्या महालक्ष्म्या थोरल्या घरी, म्हणजे जाऊबाईंकडं बसतात. वर्षभर त्या घराचं फाटक दूधवाल्याशिवाय कोणी वाजवत नाही. पण भाद्रपदात महालक्ष्म्यांचे ते तीन दिवस पुण्याची, नांदेडची, परभणीची माणसं येतात, ओसरीत चपलांचा ढीग पडतो, पंगतींवर पंगती उठतात. स्वयंपाक सगळा सोवळ्यातला आणि तो जाऊबाई एकहाती करतात. पहाटे डोक्यावरून पाणी घ्यायचं, सोवळं नेसायचं आणि नैवेद्य होईपर्यंत त्यांना कोणी शिवायचं नाही. सोळा भाज्या, पुरण, आंबील, कढी, वरून टांगायचा फुलोरा. माझं स्पष्ट मत आहे की जाऊबाई उरलेलं वर्ष या तीन दिवसांसाठी काढतात.

म्हणून परवाच्या वर्षी जे झालं ते वाईट झालं. पूजा आटोपली आणि त्यांना पाटावरून उठताच येईना. एकदा प्रयत्न केला, दुसऱ्यांदा केला, मग तशाच बसून राहिल्या आणि फुलं सारखी करत असल्याचं नाटक करू लागल्या. सगळ्यांनी पाहिलं. माझ्या नवऱ्याला नको तिथं शहाणपण सुचतं. पाहुण्यांच्या देखत तो म्हणाला, "वैनी, पुढच्या वर्षी महालक्ष्म्या आमच्याकडं नेऊ. तुम्ही नुसतं खुर्चीवर बसून सांगा."

"आणि मी इथं काय करू?" त्या म्हणाल्या. "भिंतींना वाढू?"

त्या दिवशी मला कळलं, की प्रश्न गुडघ्याचा नाही. गुडघे गेले तर महालक्ष्म्या जाणार आणि महालक्ष्म्या गेल्या की त्या घरात कोणी येणार नाही, हे त्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं.

दिवाळीनंतर मी त्यांना ओढून माझ्या हाडांच्या डॉक्टरांकडं नेलं. एक्स-रे काढला. सांध्यातली गादी झिजलीय, उजव्या गुडघ्याची जास्त, असं त्यांनी बोट ठेवून दाखवलं. वजन कमी करा, मांडी घालून किंवा उकिडवं बसू नका, संडास खुर्चीचा करून घ्या, मांडीचे स्नायू बळकट करायचे व्यायाम रोज करा. वेदनाशामक गोळी फार झालं तरच, कारण ती किडनीला चांगली नाही. अगदीच झालं तर ऑपरेशन आहे, पण ती घाई नको. मी मान डोलावत होते. जाऊबाई समोरच्या कॅलेंडरकडं बघत होत्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "मांडी घालायची नाही म्हणे. मग पूजा काय उभ्यानं करायची?"

मी मात्र व्यायाम सुरू केला. खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा, मांडी घट्ट करायची, तसाच धरायचा, सावकाश खाली सोडायचा. गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून दाबायचा. दिसायला अगदी बावळट प्रकार. शिवाय हा उपाय इतका रटाळ, की गुण येईपर्यंत माणसाचा विश्वास उडालेला असतो. उन्हाळ्याच्या तोंडाला मला जिना एकदाच थांबून चढता यायला लागला, तेही कठड्याला लोंबकळत. मला त्याचा अभिमान वाटत होता.

आणि अशात एके दुपारी दाराची बेल वाजली. दारात जाऊबाई. हातात पिशवी, कपाळावर घामाचा थेंब नाही. दोन मजले न थांबता चढून आल्या होत्या. आल्या त्या सरळ जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि पिशवीतली गवारीची भाजी निवडायला घेतली. मी खुर्चीतून त्यांच्याकडं बघत राहिले. खरं सांगते, आनंद नंतर झाला, आधी अंगाचा तिळपापड झाला.

"काय केलंत हो?" मी विचारलं.

त्यांनी आधी आढेवेढे घेतले. मग सांगितलं. सूनबाईच्या वडिलांचे गुडघे असेच जाम झाले होते. डोंगरापलीकडं कुठंतरी एक माणूस जडीबुटीची पुडी देतो. रोज सकाळी एक, मधात कालवून. म्हातारा आता शेतात बैलामागं चालतो म्हणे. सूनबाई गावाहून येताना जाऊबाईंसाठी पुड्या घेऊन आली होती. "चवथ्या दिवशी उठले तर पाय माझेच का, असं वाटलं," त्या म्हणाल्या. "डॉक्टर लोकांना काय कळतंय गं. हे झाडपाल्याचं, याचा अपाय नसतो."

जाताना त्यांनी माझ्या हातात चार-सहा पुड्या कोंबल्या. करड्या रंगाची भुकटी, सुंठीसारखा वास. मी त्या फ्रिजवर ठेवल्या. दुपारी गुडघा ठणकायला लागला की हात तिकडं जायचा. एकदा तर मधाची बाटली काढून चमचा धुऊनही घेतला होता. पण मग वाटलं, मी हे घेतलं की माझा एवढ्या महिन्यांचा टॉवेल दाबणं फुकट गेलं आणि जाऊबाई जिंकल्या. शहाणपणानं नव्हे, निव्वळ ईर्ष्येनं मी चमचा परत ठेवला.

पुढच्या काही महिन्यांत त्यांच्यात फरक पडत गेला. तोंड भरलं, गाल वर आले. नात्यातल्या बायका म्हणायच्या, तब्येत छान सुधारली हो! त्या खूश. भूक इतकी वाढली की एक भाकरी खाणारी बाई तीन खायला लागली. झोप मात्र उडाली. नळाला पाणी यायच्या दिवशी कळशा त्याच भरायच्या, सूनबाईला हात लावू देत नसत. मला ते भरलेलं तोंड आवडत नव्हतं. ते भरल्यासारखं नव्हतं, सुजल्यासारखं होतं. हातांवर जांभळे डाग दिसायला लागले. विचारलं तर म्हणाल्या, "कुठंतरी लागलं असंल." साधी बांगडी घासली तरी कातडी सोलून निघायची.

मी एक पुडी पर्समध्ये टाकली आणि डॉक्टरांना नेऊन दाखवली. त्यांनी ती उघडली, पाहिली, परत बंद केली.

"नुसतं बघून मी सांगू शकत नाही, तपासावं लागेल," ते म्हणाले. "पण चार दिवसांत गुण, तोंडावर सूज, हातावर डाग, झोप नाही. माझा संशय स्टेरॉइडचा आहे. झाडपाल्यात गोळ्या कुटून घालतात काही लोक."

"म्हणजे विषच."

"विष नाही. आम्हीही देतो, गरज असेल तिथं, मोजून. आणि बंदही मोजून करतो. हे नीट ऐका. आपलं शरीर असंच एक द्रव्य स्वतः तयार करतं. बाहेरून आयतं मिळायला लागलं की ते तयार करायचं सोडून देतं. त्यात पुडी एकदम बंद केली तर शरीराकडं काहीच उरत नाही. रक्तदाब कोसळतो, माणूस जातोसुद्धा. त्यांना माझ्याकडं आणा. पण तोवर पुडी बंद करू देऊ नका."

मी तशीच रिक्षा करून उस्मानपुऱ्याला गेले. जाऊबाई ओसरीत कापसाच्या वाती वळत होत्या. मी सगळं सांगितलं, जसंच्या तसं. त्यांचे हात थांबले नाहीत.

"एकीकडं विष म्हणतीस," त्या म्हणाल्या, "आणि एकीकडं बंद करू नका म्हणतीस. काय ते एक ठरव."

"दोन्ही खरं आहे, वैनी. चला ना माझ्यासोबत, एकदा रक्त तपासू."

"मला बरं वाटतंय, तेच तुला सहन होईना. मी परत भिंत धरून चालले की तुम्ही महालक्ष्म्या उचलून न्यायला मोकळे."

हे ऐकल्यावर मीही तोंड सोडलं. काय बोलले ते इथं लिहीत नाही, पण शेजारच्या घराची खिडकी उघडली होती एवढं आठवतं. त्यानंतर आमचा फोनसुद्धा बंद झाला. सूनबाईकडून खबर कळायची. पुडी रोज चालू आहे, असं ती घाबरत घाबरत सांगायची. पुडी चालू आहे हे ऐकून मला बरं वाटायचं आणि बरं वाटतं म्हणून स्वतःचीच चीड यायची.

महालक्ष्म्यांचं बोलावणं भांडणातही चुकत नाही. त्यांनी नवऱ्याला फोन केला, "या म्हणावं तिला." पहिल्या दिवशी, आवाहनाला, मी मुद्दाम गेले नाही. दुसऱ्या दिवशी, जेवणाच्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास पोचलो. घर माणसांनी भरलेलं. महालक्ष्म्या शालू नेसून मखरात उभ्या, वर फुलोरा लटकलेला, करंज्या, वेण्या, फण्या, सगळं जाऊबाईंच्या हातचं. मी रिक्षातून, गर्दीतून आलेली, म्हणजे ओवळ्यात. स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायची सोय नव्हती. उंबऱ्याच्या अलीकडं खुर्ची टाकून बसले.

आत जाऊबाई खाली बसून पुरण वाटत होत्या. त्यांचा चेहरा पाहून मी खुर्चीतच पुढं सरकले. सूज तशीच, पण रंग पार उडालेला, राखेसारखा. पुरणयंत्राचा दांडा दोन वेळा फिरवायच्या आणि थांबायच्या. मागच्या दारातून सूनबाईनं मला खुणेनं सांगितलं, की सकाळपासून दोनदा उलटी झाली आहे.

"वैनी, बरं नाही का?"

"उपास आहे. पित्त झालंय." आवाज खोल गेलेला.

"पुडी घेतली का आज?"

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी काही अभद्र बोलले. "सोवळ्यात पुडी? काय कशाची केलीय कोण जाणे. हाडाची राख असली, शिंपलं असलं, तर? फुलोऱ्याला बसले तेव्हाच बंद केली. महालक्ष्म्या उठल्या की घेईन."

फुलोऱ्याची तयारी कितीतरी दिवस आधी सुरू होते, तीही सोवळ्यातच. जी पुडी त्यांच्या पोटात महिनोन्‌महिने चालत होती, ती सोवळ्यात चालत नव्हती. सूनबाईलाही त्यांनी पत्ता लागू दिला नव्हता. ज्या पुडीला मी त्या ओसरीत उभी राहून विष म्हणाले होते, तीच घ्या म्हणून मी उंबऱ्याशी हात जोडले.

"वैनी, पाया पडते, आत्ता घ्या. एक चिमूट घ्या."

"नैवेद्य होऊ दे."

मी डॉक्टरांना फोन लावला. सणाचा दिवस, तरी त्यांनी उचलला. मी उलटीचं, रंगाचं सांगितलं. "पुडी-बिडी सोडा," ते म्हणाले, "जवळच्या हॉस्पिटलला घेऊन जा, आत्ता, आणि तिथं पहिलं वाक्य हेच सांगा, की स्टेरॉइड घेत होत्या आणि एकदम बंद केलं." मी ओसरीत जाऊन नवऱ्याला सांगितलं. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना सांगितलं, कारण गाडी त्यांची होती. सगळ्यांनी आत डोकावून पाहिलं. जाऊबाई दांडा फिरवत होत्या.

"तासाभराचा तर प्रश्न आहे," एक जण म्हणाले. "नैवेद्य झाला की नेऊ."

"देवीचं ताट अर्धवट सोडून त्या उठतील असं वाटतं तुला?" माझा नवरा म्हणाला. तेही खरंच होतं. त्यांना उचलून न्यायचं, तर शिवावं लागणार. शिवलं, की पहाटेपासूनचा सगळा स्वयंपाक ओवळा, नैवेद्य नाही, पंगत नाही. या घरात असं कधी झालं नव्हतं. बायका एकमेकींकडं बघत होत्या. आणि ज्या बाईसाठी हे चाललं होतं, तिनं आतून हाक दिली, "अगं, काय कुजबुज चाललीय तिथं? केळीची पानं धुतली का?"

मी परत खुर्चीवर येऊन बसले नाही, उंबऱ्यातच उभी राहिले. "वैनी, उठता का मी आत येऊ?" मी म्हणाले. त्यांनी पुरणाचं पातेलं उचललं, गॅसकडं सरकल्या, आणि पातेलं हातातून सुटलं. पुरण जमिनीवर सांडलं आणि त्या त्याच्या शेजारी हळूच, झोपल्यासारख्या आडव्या झाल्या.

मी उंबरा ओलांडला. माझ्या मागं कोणीतरी "अगं, अगं" म्हणालं. जाऊबाईंचे डोळे अर्धवट उघडे होते. ओठ हलले. "शिवू नको," त्या म्हणाल्या. अंगात जीव नाही आणि बाई म्हणते शिवू नको! मला इतका राग आला, आयुष्यात कोणाचा आला नसेल इतका. मी खाली गुडघ्यांवर बसले, जे मी कित्येक वर्षं केलं नव्हतं, आणि त्यांचं डोकं माझ्या मांडीवर ओढलं. अंग गार, घामानं चिंब. "मेलं तुमचं सोवळं," मी ओरडले, "उचला रे कोणीतरी!"

मग सगळे धावले. त्यांना उचललं, गाडीकडं नेलं. मी मात्र तिथंच. गुडघे असे अडकले, की मला खालून उठताच येईना. एका बाजूनं सूनबाईनं आणि दुसऱ्या बाजूनं परभणीच्या वन्संनी धरून, ओढून मला उभं केलं. पुरणात माखलेल्या लुगड्यानं मी गाडीत बसले.

हॉस्पिटलमध्ये नर्सनं रक्तदाब मोजायला पट्टा बांधला, परत सोडला, परत बांधला. लागतच नव्हता. मी तिथल्या तरुण डॉक्टरचा कोट धरून सांगितलं, स्टेरॉइडच्या पुड्या, एवढे महिने, एकदम बंद. तो माझ्याकडं बघतच राहिला, मग पळाला. इंजेक्शन, सलाईन, रक्ताच्या नळ्या. मला बाहेर काढलं. बाहेरच्या बाकावर मी बसले आणि काचेच्या दाराकडं बघत राहिले. मनात एकच चाललं होतं, की आमचं शेवटचं बोलणं भांडणाचं झालं आणि त्यानंतर मी ‘मेलं तुमचं सोवळं’ म्हणाले.

सांजेला त्यांनी डोळे उघडले. रक्तदाब सावरला होता. डॉक्टर म्हणाले, तुम्ही सांगितलंत म्हणून बरं, नाहीतर शोधण्यात वेळ गेला असता. माझा जीव भांड्यात पडला. मी आत गेले. जाऊबाईंनी पहिला प्रश्न केला, "नैवेद्य?"

खोटं बोलावं की काय, असं क्षणभर वाटलं. पण म्हटलं, नकोच. "झाला. सूनबाईनं अंघोळ केली, नव्यानं पुरण घातलं, पोळ्या केल्या. तुमच्या दिरानं नैवेद्य दाखवला. माणसं जेवली."

त्यांनी तोंड भिंतीकडं केलं. आमच्या घराण्याबाहेरच्या हातचा नैवेद्य महालक्ष्म्यांना पहिल्यांदा लागला होता. मग भिंतीकडं तोंड ठेवूनच त्यांनी विचारलं, "जायफळ घातलं होतं का तिनं?"

"घातलं होतं."

"हं," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, "पुढच्या वर्षी तुझ्याकडं ने बाई महालक्ष्म्या. मी हरले."

"माझ्याकडं जागा नाही," मी म्हणाले. "दुसरा मजला आहे, लिफ्ट नाही. तुम्ही ओट्यापाशी उंच स्टूल घ्या आणि सूनबाईला पोळ्या लाटायला लावा." त्यांनी नाही म्हटलं नाही.

खरा त्रास पुढं होता. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, आठवड्यामागून आठवडा थोड्या थोड्या कमी करायच्या म्हणून. जसजशी गोळी कमी होत गेली, तसतसं पुडीनं दाबून ठेवलेलं सगळं दुखणं व्याजासकट परत आलं. गुडघे, घोटे, बोटांची पेरंसुद्धा. साखर वाढलेली होती, तिचं पथ्य वेगळं. हाडंही ठिसूळ झाली असतील, म्हणून पडायचं नाही, ही तंबी वेगळी. शेकायची पिशवी, खुर्चीवरचा व्यायाम, संडासात खुर्ची, हातात काठी. काठी दुखऱ्या पायाच्या बाजूला नव्हे, उलट्या हातात धरायची, हे त्यांना पटवायला फार वेळ गेला. "दुखतोय उजवा आणि काठी डाव्या हातात. तुमचे डॉक्टर डावे-उजवे तरी ओळखतात का?" फाटकापर्यंत चालायला सांगितलं, तर रस्त्यावर कोणी नाही असं बघून चालायच्या.

सूनबाई येऊन रडून गेली. "काकू, म्या आणली हो पुडी. लई चुकलं. मला काय म्हाईत!" तिच्या नवऱ्यानं गावी जाऊन सासऱ्यांनाही डॉक्टरकडं नेलं, कारण त्यांची पुडी चालूच होती. जाऊबाई तिला एका शब्दानं बोलल्या नाहीत. पण दुखणं असह्य झालं, की तिच्याकडंच तोंड वेंगाडायच्या. एकच आण, एकच, नुसती आजच्यापुरती. ती नाही म्हणायची आणि मला फोन करायची.

मग एके दिवशी तिचा फोन आला तो वेगळा. "काकू, तुमच्या जाऊबाईनं गावाकडच्या एका म्हाताऱ्याला पुडीसाठी निरोप धाडला व्हता म्हणं. त्यो काल येऊन गेला. म्या कामाला गेलते. काय दिलं, काय नाय, मला ठावं नाय."

मी लगेच जाऊबाईंना फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला. आवाज खणखणीत. "मी मजेत आहे, तू काळजी करू नको," म्हणाल्या आणि ठेवून दिला. इतका खणखणीत आवाज कित्येक आठवड्यांत ऐकला नव्हता. मला धडकीच भरली. चप्पल सापडेना, किल्ली सापडेना. जालना रोडवर सिग्नलला रिक्षा अडकली, तर मी रिक्षावाल्यावर खेकसले. तो बिचारा म्हणाला, "अम्मा, उडके जाऊं क्या?"

दार बंद होतं. बेल दाबली आणि उभी राहिले. एकच गोष्ट कळायची होती. पुडी घेतली असेल, तर त्या झटक्यात येतील. मी कान लावला. आत काही हललं नाही. मग खुर्ची सरकल्याचा आवाज. मग बराच वेळ काही नाही. मग काठी एकदा टेकली. थांबली. पुन्हा टेकली. आतून एक कण्हणं आलं, दाबलेलं. आयुष्यात मी कोणाच्या दारात उभं राहून अशी प्रार्थना केली नसेल, की देवा, हिला अजून वेळ लागू दे.

वेळ लागला. कडी काढतानासुद्धा बोटं नीट वळत नव्हती, ते बाहेर ऐकू येत होतं. दार उघडलं, तर जाऊबाई काठीवर भार देऊन उभ्या, काठी डाव्या हातात, कपाळ घामानं भरलेलं, तोंडावरची सूज ओसरून सुरकुत्या परत आलेल्या.

"पुडी कुठाय?" मी उंबऱ्यातूनच विचारलं.

"मोरीत ओतली."

"खोटं बोलू नका. फोनवर तर लई खणखणीत होतात."

"तुला फोनवर दुसरं काय सांगायचं? जिने उतरून धावत आली असतीस." त्या थांबल्या, दम घेतला. "हातात घेतली होती सकाळी. मधही काढला. मग म्हटलं, परत पडले, तर ही परत येऊन खाली बसंल. आणि हिला उठवायला दोघी लागतात."

मला हसू आलं आणि रडूही आलं. त्यातलं रडू जास्त होतं. ते पाहून त्या करवादल्या, "आता दारात गळा काढू नको. आत ये. मला धर आधी, पाय लटपटायलेत."

मी त्यांच्या उजव्या दंडाला धरलं. त्या कण्हल्या, मग मीही कण्हले, आणि दिवाणापर्यंत पोचायला आम्हा दोघींना बराच वेळ लागला.